बाहीला लागलेलं फूल

मागच्या गुरुवारी सकाळी बॅडमिंटनचं एक फूल माझ्या डाव्या बाहीला घासून गेलं. घासून म्हणजे किती, तर कुर्त्याची बाही कोपराच्या वर जराशी हलली आणि आत दंडावर कुणी कापसाचा बोळा फिरवावा तसं काहीतरी झालं. आवाज झाला नाही. फुलाची दिशा बदलली नाही. ते तसंच मागे गेलं आणि शेवटच्या रेषेच्या चार बोटं पलीकडे पडलं. स्कोअर होता २०-१९, वीस माझे. पलीकडून ती जाळीपर्यंत धावत आली, टाचा उंचावून बघितलं आणि म्हणाली, "आऊट! गेम तुमचा, काकू." मी रॅकेट डाव्या हातात घेतली, जाळीवरून तिचा हात हातात घेतला, "छान खेळलीस गं" असं म्हटलं आणि पाण्याची बाटली उघडली. तोवर दंडावरचं ते कापसासारखं गेलेलं नव्हतं.

अजूनही गेलेलं नाही.

ती आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी राहायला आली. माहेर जालन्याकडचं, घरची शेती, नोकरी हिंजवडीत, मुलगी सात वर्षांची. मुलीला बॅडमिंटनच्या क्लासला घातलं आणि रोज बाकावर बसून बघता बघता हिचेच हात शिवशिवायला लागले. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाली, "काकू, मला अगदी पहिल्यापासून शिकवाल का? मोबाइलवर बघते, तर सगळे एकदम स्मॅशच शिकवतात. मला रेषाच कळत नाहीत." रेषा कळत नाहीत असं सांगणारं माणूस मला कितीतरी दिवसांत भेटलं नव्हतं. मी पन्नाशी ओलांडलेली, खेळ लहानपणापासूनचा. गुडघे कुरकुरतात, पण सकाळी साडेसहाला क्लबहाऊसचं दार उघडून ट्यूबलाइट लावल्या, हिरव्या मॅटचा तो रबरी वास नाकात गेला, एक्झॉस्ट फॅन घरघरू लागला की अंगात काहीतरी जागं होतं. मी लगेच हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी तिला रॅकेट हातात धरू दिली नाही. नुसतं कोर्टावरून चालवलं. चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. एकास एक खेळताना दोन्ही बाजूंच्या कडेच्या पट्ट्या सोडायच्या, म्हणजे रुंदी उरते सतरा फूट. जाळी मध्यावर पाच फूट, खांबांपाशी एक इंच जास्त. जाळीपासून साडेसहा फुटांवर ही आडवी रेषा, सर्व्हिस तिच्या पलीकडे पडली पाहिजे. डबल्सला सर्व्हिसची मागची हद्द अडीच फूट आत येते, म्हणून डबल्सचा सर्व्हिसचा चौकोन रुंद आणि आखूड, सिंगल्सचा अरुंद आणि लांब. आणि सर्व्हिस झाली की डबल्सची ती आतली मागची रेषा विसरायची, पूर्ण कोर्ट आपलं. ती माझ्यामागून एकेक रेषेवर पाऊल ठेवत चालत होती, शेताची मोजणी चालू असल्यासारखी. मधेच थांबून म्हणाली, "फूल बरोबर रेषेवर पडलं तर?" मी म्हटलं, आत. रेषा कोर्टाचाच भाग असते. ती थोडा वेळ त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिली. "म्हणजे बांध आपल्यातच धरायचा. आमच्याकडे एका बांधावरून दोन घरं तीन पिढ्या बोलत नाहीत, काकू. इथं एका वाक्यात मिटवलंय." इतकी वर्षं खेळूनही मला त्या रेषेत बांध दिसला नव्हता. त्या दिवसापासून दिसतो.

सर्व्हिसला आठवडा गेला. सर्व्हिस ही बॅडमिंटनमधली सगळ्यात साधी दिसणारी आणि सगळ्यात जास्त नियमांनी बांधलेली गोष्ट. दोन्ही पावलं आपापल्या चौकोनात, रेषेला न टेकता, जागच्या जागी. रॅकेट पुढे निघाली की मधे थांबवायची नाही. पहिला मार बुचाला बसला पाहिजे, पिसांना नाही. फूल तिरक्या चौकोनात गेलं पाहिजे. जाळीला चाटून पलीकडे योग्य चौकोनात पडलं तर चालतं, टेनिससारखं परत घ्यायचं नाही. आपले गुण सम असतील तर उजव्या चौकोनातून, विषम असतील तर डावीकडून. शून्य समात धरायचं. आणि मारतानाच्या क्षणी अख्खं फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं, म्हणजे जवळजवळ पावणेचार फूट. ती म्हणाली, "ते कसं कळणार?" म्हणून आम्ही खांबाला त्या उंचीवर लाल चिकटपट्टी लावली. आधी हा नियम कमरेचा होता. फूल कमरेखाली हवं, आणि कंबर म्हणजे शेवटची बरगडी. मला तो नियम माझ्या वडिलांनी, अण्णांनी शिकवला तेव्हा माझ्या फ्रॉकवरून बरगडी चाचपून दाखवली होती आणि मी गुदगुल्यांनी वाकडी झाले होते. २०१८ साली बरगडी गेली आणि आकडा आला. खरं तर तेच बरोबर. उंच माणसाची कंबर उंच, बुटक्याची खाली, हा काही न्याय नव्हे. तरी बरगडीचा नियम गेला तेव्हा मला चुटपुट लागली होती.

सर्व्हिसच्या सगळ्या नियमांत तिला एक फार आवडला. समोरचा तयार नसताना सर्व्हिस करायची नाही. केली तर लेट, पुन्हा घ्यायची. पण समोरच्यानं फूल मारायचा प्रयत्न जरी केला, तरी तो तयार होता असं धरतात. "म्हणजे आधी बघायचं, मग टाकायचं," ती म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक सर्व्हिसच्या आधी ती विचारते, "तयार का, काकू?" नियमात विचारायचं असं कुठेही म्हटलेलं नाही, नुसतं थांबायचं असतं. पण तिला ते थांबणं बोलून दाखवल्याशिवाय पुरत नाही. मी तिला ते सोडायला सांगितलं नाही.

बाकीचं भराभर झालं. एकवीस गुणांचा गेम, तीनपैकी दोन जिंकायचे. कुणाचीही सर्व्हिस असो, रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून फूल पडेपर्यंतची मारामारी, जिंकेल त्याला गुण. वीस-वीस झाले तर दोननं पुढे जायचं, आणि तेही जमेना तर तीसला जो पोहोचेल तो. अकराला एक मिनिटाची विश्रांती. तिसऱ्या गेममध्ये अकराला बाजू बदलायची. जाळीला रॅकेट किंवा अंग लागलं तर फॉल्ट. फूल आपल्याकडे येण्याआधीच जाळीवरून हात घालून मारलं तर फॉल्ट. एकानंच लागोपाठ दोनदा मारलं तर फॉल्ट. शेजारच्या कोर्टाचं फूल मधे आलं तर लेट. हे सगळं तिनं मोबाइलमध्ये लिहून घेतलं, घरी मुलीला वाचून दाखवलं, आणि मुलीनं आईची दोन ठिकाणी दुरुस्तीही केली.

एक नियम मी तिला सांगितला नव्हता. फूल आपल्या अंगाला किंवा कपड्याला लागलं तर गुण समोरच्याचा. मग ते पुढे आऊट जाऊन पडो, नाहीतर छताला जाऊन अडको.

मुद्दाम वगळला नव्हता, इतकं मी नक्की सांगू शकते. तो इतका लहान वाटला, की त्यासाठी वेगळं वाक्य लागेल असंच वाटलं नाही. आणि आता गंमत अशी वाटते की मला स्वतःला बॅडमिंटनचा सगळ्यात पहिला शिकवलेला नियम तोच होता.

मिरजेच्या रेल्वे कॉलनीत आमचं कोर्ट मातीचं होतं. उघड्यावर. संध्याकाळी अण्णा ड्यूटीवरून आले की बादलीनं पाणी शिंपडायचं, ओल जरा जिरली की सुतळी ताणून तिच्या कडेनं फक्की टाकायची. ते काम आम्हा मुलांचं. बोटांतून फक्की सोडताना हात थरथरला की रेषा पोटुशी व्हायची, आणि मग मोठी माणसं त्या फुगवट्यावर पडलेल्या फुलावरून वाद घालायची. वाद मिटवायची रीत एकच. फूल उचलायचं आणि बूच बघायचं. बुचाला पांढरं लागलेलं असलं की आत. अण्णा ते बूच दिव्याच्या उजेडात धरून अंगठ्यानं फिरवायचे आणि निकाल द्यायचे. मग अंगठा लेंग्याला पुसायचे. लेंग्याच्या उजव्या मांडीवर उन्हाळाभर एक पांढरा डाग असायचा, तो आईच्या धुण्यानंही पुरता निघत नसे.

फुलं महाग. सोळा पिसं, बदकाची किंवा हंसाची, वजन पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा साखर. कोरड्या हवेत पिसं तडतड मोडतात, म्हणून अण्णा खेळायच्या आधी चहाच्या पातेल्यावर फुलांचा उभा डबा उपडा धरायचे. वाफ पिसांत शिरायची आणि स्वयंपाकघरात चहाच्या वासात ओल्या पिसांचा एक उग्र, कोंबड्यांच्या खुराड्यासारखा वास मिसळायचा. आई पदर नाकाला लावायची पण बोलायची नाही. मला तो वास इतका प्रिय होता की मी डबा धरायला स्वतःहून पुढे व्हायचे. लाकडी रॅकेट चार स्क्रूंच्या प्रेसमध्ये आवळून ठेवलेली असायची, नाहीतर पावसाळ्यात तिला बाक येतो. तारा तुटल्या तर गटिंगला सांगलीला पाठवायचं. सांगली म्हटलं की अण्णांचा आवाज बदलायचा, कारण नंदू नाटेकर सांगलीचे. १९५६ साली त्यांनी क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. अण्णा हे असं सांगायचे जणू नाटेकर आमच्याच गल्लीतून स्टेशनला चालत गेले होते.

मी आठ वर्षांची असताना अण्णांनी पहिल्यांदा रॅकेट हातात दिली आणि फूल न मारता माझ्या दंडावर हलकेच टेकवलं. "लागलं?" मी हो म्हटलं. "लागलं की हात वर करायचा. आधी हे. मग बाकीचं." मग त्यांनी फूल माझ्या वेणीच्या टोकाला लावलं. "हे?" मला काही कळलं नव्हतं, पण मी हो म्हटलं. ते म्हणाले, "नाही कळलं तर नाही म्हणायचं. कळलं तरच हात." ते वाक्य मी इतक्या वर्षांत कितीदा आठवलं असेल, पण त्याचा दुसरा भाग मागच्या गुरुवारपर्यंत मला कधी बोचला नव्हता. मला कळलं होतं.

त्या शिकवणीची मोठी किंमत मी अण्णांनाच देताना पाहिली आहे. ती किंमत त्यांनी एकट्यानं दिली नाही, ही त्यातली अवघड गोष्ट. दिवाळीनंतर कॉलनीच्या डबल्सच्या स्पर्धा असायच्या. त्या वर्षी अण्णा फायनलला होते, जोडीला शेडमधले एक फिटर. तेव्हा जुनी पद्धत. गेम पंधराचा आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला. त्याच पद्धतीत प्रकाश पदुकोणनी १९८० मध्ये इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवून ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली, आणि तो स्कोअर पुढे वर्षभर कॉलनीतल्या पोरांच्या तोंडी होता. डबल्समध्ये दोघांनाही आळीपाळीनं सर्व्हिस मिळायची, पहिला हात गेला की दुसरा हात. अण्णांची फायनल तिसऱ्या गेमला आली. समोरच्यांचे चौदा, अण्णांचे बारा, सर्व्हिस समोरच्यांच्या दुसऱ्या हाताची. एक लांब रॅली झाली आणि समोरच्यानं मारलेलं फूल अण्णांच्या डोक्यावरून मागे गेलं, रेषेच्या चांगलं वीतभर बाहेर. सगळे ओरडले, आऊट. फिटरकाका सर्व्हिस घ्यायला फूल उचलायला वळलेसुद्धा. अण्णांनी हात वर केला. रॅकेटच्या टोकाला चाटलं होतं म्हणाले. पंच तिथं एका स्टुलावर बसलेले, त्यांना दिसलं नव्हतं, समोरच्या जोडीला कळलं नव्हतं. पंधरा-बारा. संपलं.

बक्षीस होतं भिंतीवरचं घड्याळ, जिंकणाऱ्या जोडीला प्रत्येकी एक. फिटरकाकांच्या घरी घड्याळ नव्हतं. ते समोरच्यांशी हात मिळवून, अण्णांकडे न बघता, रॅकेट काखेत मारून निघून गेले. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कुणाबरोबर खेळले. भांडण झालं नाही, बाजारात भेटले तर रामराम व्हायचा, पण आमच्या घरी ते त्यानंतर चहाला आले नाहीत. त्या रात्री जेवताना आई इतकंच म्हणाली, "हात तुमचा होता. घड्याळ दोघांचं होतं." अण्णांनी ताटावरून मान वर केली नाही. मी दोघांच्या मधे बसले होते. मला अण्णांचा फार अभिमान वाटत होता आणि आईचंही खरं वाटत होतं, आणि ही दोन्ही एकाच वेळी मनात कशी राहतात ते कळत नव्हतं. अजूनही राहतात. अण्णांनी फिटरकाकांकडे एकदा नजर जरी टाकली असती हात वर करायच्या आधी, तरी बरं झालं असतं असं मला वाटतं. आणि त्यांनी ती टाकली असती तर हात वर गेलाच नसता, असंही वाटतं.

खेळाचे नियम दोन प्रकारचे असतात असं मला आताशा वाटायला लागलंय. काही डोळ्यांचे आणि काही कातडीचे. फूल रेषेच्या आत की बाहेर, सर्व्हिस उंचावरून केली का, पाय उचलला का, हे बघणाऱ्याला दिसतं. त्यासाठी पंच असतो, सर्व्हिसवर नजर ठेवणारा वेगळा असतो, रेषांवर माणसं बसवतात, आणि मोठ्या स्पर्धांत तर आता खेळाडूनं हात करून दाद मागितली की पडद्यावर फूल रेषेला केसभर टेकलेलं मोठं करून दाखवतात. पण बाहीला लागलेलं फूल, वेणीला लागलेलं फूल, रॅकेटच्या कडेला चाटून गेलेलं पीस, हे एकाच माणसाला ठाऊक असतं. आपल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीचा ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश २०२३ मध्ये विक्रम म्हणून नोंदला गेला. त्या वेगात फूल कुणाच्या बाहीला लागलं की नुसती बाही वाऱ्यानं हलली हे कुठल्या डोळ्याला सांगता येणार? नियम मात्र एकाच पानावर, सारख्याच अक्षरात छापलेले असतात. कातडीचा नियम वेगळ्या शाईत असायला हवा होता.

हा खेळ ज्या गावात नियमांत बांधला गेला तिथंच मी राहते, हेही मला त्या दिवशी टोचलं. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीत ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळायचे. त्याला 'पूना' असंच म्हणायचे, आणि त्याचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्यात लिहिले गेले. नाव मात्र राहिलं इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या वाड्याचं. कॅम्पातून रिक्षानं जाताना मला कधीकधी वाटतं, इथं कुठल्या तरी झाडाखाली जाळी बांधून खेळताना एखाद्याच्या डगल्याला फूल लागलं असेल. त्यानं सांगितलं असेल किंवा नसेल. पण कुणीतरी एकानं नक्की सांगितलं असणार, त्याशिवाय हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नसता. बघणाऱ्याला दिसतच नाही ते.

आणि हल्लीच्या पद्धतीत हा हात वर करणं जास्त महाग झालंय. जुन्या पद्धतीत सर्व्हिस माझी असताना मी टच कबूल केला तर फक्त सर्व्हिस जायची, गुण जात नसे. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण आहे. प्रत्येक खरं बोलणं फळ्यावर दिसतं. मला ही पद्धत आवडते, शिकणाऱ्यालाही सोपी जाते, सामना लांबत नाही. पण हेही खरं की अण्णांच्या काळात हात वर करायला जेवढं बळ लागायचं त्याहून आता थोडं जास्त लागतं. मी गुरुवारी हे बळ शोधलंसुद्धा नाही. मी पाणी प्यायले.

शुक्रवारी सांगायचं ठरवलं होतं. ती आली तीच हसत. "काकू, मी घरी सांगितलं, एकोणीस! हे म्हणाले, काकूंशी एकोणीस? खोटं बोलतेस." लिफ्टमध्ये तळमजल्याच्या आजींनाही सांगून झालं होतं. त्याआधी माझ्याविरुद्ध ती कधी बारापुढे गेली नव्हती. गुरुवारी २०-१७ वरून तिनं लागोपाठ दोन गुण घेतले होते, दुसरा तर जाळीलगत इतका हलका सोडला की मी जागची हललेही नाही. त्या एकोणिसावर ती इतकी खूश होती की मला वाटलं, आता सांगून हिचा आनंद कशाला नासवायचा. मग लगेच वाटलं, नासेल कशानं? तिचे तर वीस होते. मी तिच्याकडून जे घेतलं ते हरणं-जिंकणं नव्हतंच. ते विसावं फूल होतं. त्या दिवशी आम्ही नुसता ड्रॉपचा, म्हणजे जाळीलगत फूल हलकं सोडायचा सराव केला. शनिवारीही. रविवारी हॉल मुलांच्या क्लासला असतो. मी घरी बसून कुर्त्याच्या बाह्यांना हात शिवणीची टीप मारली, कारण त्या सैल झाल्या होत्या. खरोखरच झाल्या होत्या.

सोमवारी मी तिच्या आधी पोहोचले. ती बूट बांधत असतानाच मी म्हटलं, "अगं, गुरुवारचं ते शेवटचं फूल. माझ्या बाहीला लागलं होतं."

तिनं नाडी अर्धी बांधून मान वर केली. "बाहीला लागलं तर काय होतं?"

"तुझा पॉइंट."

"आऊट पडलं तरी?"

"आऊट पडलं तरी. आधी मला लागलं ना. अंगाला, कपड्याला, कशालाही. हा नियम मी तुला सांगायला हवा होता. पहिल्या दिवशी."

ती काही बोलली नाही. नाडीची गाठ घातली, ती सुटली, पुन्हा घातली. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांमधून उजेड येत होता आणि मॅटवर त्याचे तुकडे फिरत होते. मग ती म्हणाली, "चार दिवस झाले, काकू." आवाज चढलेला नव्हता. मी हो म्हटलं. तेवढंच म्हणता आलं. मला वाटलं ती आता उठून जाईल, रॅकेट काखेत मारून, आणि बाजारात भेटलो तर आमचा नमस्कार होत राहील.

ती उठली ती गुणफलकाकडे गेली. आमचा फलक लोखंडी कड्यांत पानं उलटायचा आहे, आकडे उन्हानं पिवळे पडलेले. तिनं दोन्हीकडची पानं एकेक करून उलटली. मी मोजत होते, पण मधेच मोजणं सुटलं. "म्हणजे वीस-वीस," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली.

"हो."

"सर्व्हिस माझीच होती. रॅली मी जिंकले, म्हणजे आताही माझीच." ती थांबली, ओठ हलवत काहीतरी मनाशी लावलं. "वीस सम. उजवीकडून."

"बरोबर."

"आणि दोननं जिंकायचं. नाहीतर तीस."

"बरोबर."

डब्यातली दोन-तीन फुलं तिनं काढून बघितली, क्लासच्या मुलांनी खेळून टाकलेलीच असतात ती, बहुतेकांची एखाद-दोन पिसं मोडलेली. त्यातलं बरं एक निवडलं, पिसांवरून नखानं एकदा गोल हात फिरवला आणि जाऊन उजव्या चौकोनात उभी राहिली, मधल्या रेषेपासून वीतभर अंतर राखून. मी माझ्या बाजूला आले. उजव्या चौकोनात पाय रोवले. गुडघ्यानं नेहमीसारखी कुरकुर केली. तिनं फूल दोन बोटांत पिसांनी धरलं, बूच खाली, खांबावरच्या लाल चिकटपट्टीकडे एक नजर टाकली, आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"तयार का, काकू?"

मी मान हलवली.